पुराच्या सुट्टीतला ऑनलाइन तास: मुलांचे हात चालते ठेवण्याची टप्प्याटप्प्याची पद्धत

कृष्णाकाठच्या शाळांना पावसाळ्यातली सुट्टी एका संध्याकाळच्या निरोपाने लागते. सांगलीत आयर्विन पुलापाशी पातळी चढत गेली, खालचे रस्ते पाण्याखाली गेले, की शाळा बंद. उंचावरच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केलेली असेल, तर पाणी ओसरल्यावरही वर्गखोल्या लगेच मिळत नाहीत. मग व्हॉट्सॲपच्या गटावर गूगल मीटच्या व्हिडिओ कॉलची लिंक पडते आणि तास सुरू होतो.

मी पलूस-वाळवा पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. आसपासच्या शाळांतले शिक्षक मला त्यांचे ऑनलाइन तास बघायला बोलावतात, आणि बहुतेक तासांत एकच चित्र दिसतं. शिक्षक चाळीस मिनिटं बोलतात, स्क्रीनवर धड्याचं पान असतं, मधूनमधून 'समजलं का?' विचारलं जातं आणि नेहमीची चार मुलं 'हो सर' म्हणतात. बाकीच्या खिडक्या काळ्या. हजेरी लागलेली असते, पण वह्या उघडलेल्याच नसतात.

दोष नेटवर्कवर जातो. नेटवर्क वाईट आहेच, पण ते चांगलं असलेल्या दिवशीही तास असाच जातो, कारण मुलाच्या हाताला काम दिलेलं नसतं. बहुतेक जण आधी ॲप निवडतात, मग धडा बसवतात आणि कुणाकडे कोणता फोन आहे हे शेवटी बघतात. हा क्रम उलटा करायचा आहे: आधी मुलांचे फोन, मग प्रश्न, मग ॲप. खालचे टप्पे सांगितलेल्या क्रमानेच घ्या. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे, नववीचा 'नदीची पातळी' हा तास.

## टप्पा १: फोनची वही

शाळा चालू असतानाच, जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, एक साधी वही करा. प्रत्येक मुलासमोर पाच गोष्टी लिहायच्या: फोन कुणाचा, तो घरी किती वाजता येतो, रेंज कुठे मिळते (घरात, गच्चीवर की देवळापाशी), रोजच्या डेटातला संध्याकाळी किती उरतो, आणि घरात त्याच फोनवर शिकणारी आणखी भावंडं किती.

ही माहिती मुलांना वर्गात विचारून घ्या, नंतर पालकांना फोन करून ताडून बघा. मुलं 'आमच्याकडे फोन आहे' एवढंच सांगतात. तो फोन पप्पांच्या खिशात दिवसभर कारखान्यावर असतो, हे पालकांशी बोलल्यावर कळतं.

इथली सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ही पाहणी गूगल फॉर्मवर करणं. ज्याच्याकडे फोन नाही, तो फॉर्म भरणार कसा? मग 'सगळ्यांकडे स्मार्टफोन आहे' असा निष्कर्ष निघतो आणि वर्गातली पाच-सहा मुलं पहिल्याच दिवशी हिशोबातून गळतात.

वही पूर्ण झाली की तीन गट पाडा.

अ गट: तासभर व्हिडिओ कॉल चालू शकतो.
ब गट: संदेश, फोटो, आवाजाचे निरोप पोचतात, व्हिडिओ अडकतो.
क गट: साधा फोन, किंवा तोही नाही.

तास ब गटासाठी आखायचा. अ गटाला त्यात काही कमी पडत नाही आणि क गटापर्यंत पोचणं सोपं होतं. अ गट डोळ्यांसमोर ठेवून आखलेला तास ब गटासाठी निम्म्यावर तुटतो.

वेळही या वहीतूनच ठरते. आमच्याकडे डेअरीला दूध घालून, गुरांचं आटोपून फोन घरात यायला सात वाजतात, म्हणून तास साडेसातला. एका इयत्तेला एका संध्याकाळी एकच तास, फार तर दोन. भावंडांच्या इयत्ता एकाच वेळी ठेवू नका. त्यासाठी सगळ्या शिक्षकांनी एकदा एकत्र बसून वेळापत्रक करायला हवं. प्रत्येकाने आपापली लिंक टाकून हे जमत नाही.

सावधान: व्हॉट्सॲप गटात टाकलेला नंबर गटातल्या सगळ्यांना दिसतो. मुलींचे नंबर त्यात असतात. गट करण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलांचे फोटो व आवाज कशासाठी घेणार तेही त्या कागदावर लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरलेला आहे.

तपासा: प्रत्येक नावापुढे अ, ब किंवा क आहे का? एकही जागा रिकामी असेल तर पुढचा टप्पा घेऊ नका.

## टप्पा २: तासाचा प्रश्न लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चाळीस मिनिटांच्या तासासाठी मी प्रश्नावरच तास-दीड तास बसते, आणि तो वेळ वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

'पूर म्हणजे काय?' हा ऑनलाइन तासाचा प्रश्न होऊ शकत नाही. मूल पुस्तकातलं वाक्य टाइप करतं, शिक्षक 'शाब्बास' म्हणतो, आणि मुलाच्या डोक्यात काय आहे ते दोघांनाही कळत नाही. चालणाऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आयतं सापडत नाही. पेन घेऊन दोन-तीन मिनिटांत ते काढता येतं. आणि त्यातले चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या गैरसमजांतून आलेले असतात.

माझ्या तासाचा पहिला प्रश्न असा आहे. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, हे आमच्या मुलांना तोंडपाठ असतं. म्हणून सरावासाठी कल्पित आकडे घेते: 'काल संध्याकाळी सहाला ३२ फूट, आज सकाळी सहाला ३६ फूट. पाणी याच वेगाने चढलं तर इशारा पातळी कधी आणि धोक्याची पातळी कधी?' बारा तासांत चार फूट, म्हणजे तीन तासांत एक फूट. ४० फूट आज संध्याकाळी सहाला, ४५ फूट उद्या सकाळी नऊला. गणित सोपं आहे. पण ते वहीत मांडावंच लागतं.

दुसरा प्रश्न विचार करायला लावणारा: 'नदी काठाच्या आत होती. आता ती काठ सोडून शेतात पसरली. दर तासाला साठणारं पाणी तेवढंच राहिलं, तर पातळी चढण्याचा वेग (१) तेवढाच राहील, (२) वाढेल, (३) कमी होईल?'

बरीच मुलं दुसरा पर्याय घेतात. पूर म्हटला की पाणी भराभर चढतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं किंवा घरात ऐकलेलं असतं. बरोबर उत्तर तिसरं आहे, कारण तेवढंच पाणी आता जास्त जागेवर पसरतं. अनुभव आणि भूमिती यांची इथे टक्कर होते, आणि मुलं बोलायला लागतात ती अशाच ठिकाणी.

तपासा: प्रश्न लिहून झाला की स्वतःला विचारा, 'वर्गातला हुशार मुलगाही इथे चुकू शकतो का?' उत्तर 'नाही' असेल तर प्रश्न बदला. नंतर तो प्रश्न घरातल्या कुणालाही वाचून दाखवा. दोनदा समजावून सांगावा लागला तर वाक्य सोपं करा. ऑनलाइन तासात दुसऱ्यांदा समजावायला सवड मिळत नाही.

## टप्पा ३: साधनं निवडा, मोजकीच

तीन पुरतात: निरोपासाठी व्हॉट्सॲप, समोरासमोर बोलायला मीट किंवा झूम, आणि मत घ्यायला गूगल फॉर्म. एखाद्या विषयाला चौथं साधन लागलं तर त्याची ओळख आधी वेगळ्या दिवशी करून द्या. नवं ॲप आणि नवी संकल्पना एकाच तासात आणली की मुलं ॲपशी झगडत बसतात.

फुकटच्या खात्यांच्या मर्यादा माहीत असू द्या. मीटवर तिघे किंवा जास्त जण असले तर ६० मिनिटांत कॉल संपतो, झूमवर ४० मिनिटांत. झूमच्या फुकट खात्यात वर्गाचे छोटे गट पाडता येतात. मीटच्या साध्या वैयक्तिक खात्यात ती सोय नाही. अजूनही कितीतरी सूचनापत्रकांत 'गूगलचा जॅमबोर्ड (ऑनलाइन फळा) वापरा' असं छापलेलं असतं. तो २०२४ च्या अखेरीस बंद झाला, त्याच्या मागे वेळ घालवू नका.

व्हॉट्सॲपवर दोन प्रकारचे गट करा. एक 'सूचना' गट, ज्यात फक्त शिक्षकच लिहू शकतील अशी सेटिंग ठेवायची. दुसरे चार-चार मुलांचे चर्चागट, प्रत्येकात शिक्षक ॲडमिन. एकाच मोठ्या गटात सूचनाही आणि उत्तरंही आली की 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली गृहपाठ गाडला जातो.

फॉर्ममध्ये चार गोष्टी हमखास चुकतात, म्हणून जरा थांबून सांगते.

'एकदाच उत्तर द्या' ही मर्यादा लावली की फॉर्म गूगल खात्यात लॉगिन मागतो. मुलांकडे खातं नसतं, फोन आईचा असतो, पासवर्ड दुकानदाराने टाकलेला असतो. माझ्या पहिल्या फॉर्मला मी ती मर्यादा लावली होती आणि निम्मा वर्ग पहिल्याच पानावर अडकला. ती बंद ठेवा. ईमेल गोळा करण्याची सेटिंगही बंद.

फोटो जोडण्याचा प्रश्नही लॉगिन मागतो, शिवाय तुमच्या ड्राइव्हची जागा खातो. वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवा.

नाव टाइप करायला लावू नका. एकच मुलगी तीन दिवसांत तीन प्रकारे नाव लिहिते आणि यादी जुळता जुळत नाही. हजेरी क्रमांकांची खाली उघडणारी यादी द्या, बोट ठेवलं की झालं.

उत्तर पाठवल्यावर सगळ्यांच्या उत्तरांचा गोषवारा दाखवणारी सेटिंग बंद आहे ना, ते बघा. ती चालू राहिली तर उशिरा उघडणारं मूल आधी निकाल बघतं.

सावधान: झटपट मत घ्यायला व्हॉट्सॲपचं पोल सोपं वाटतं, पण गटात कुणी कशावर बोट ठेवलं ते बाकीच्यांनाही दिसतं. आत्मविश्वास कमी असलेली मुलं वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीचं उत्तर येईपर्यंत थांबतात. 'तास किती वाजता ठेवू?' एवढ्यापुरतं पोल ठीक. संकल्पनेच्या प्रश्नाला नको.

## टप्पा ४: आदल्या दिवशीचा संच

तासाच्या आदल्या संध्याकाळी सूचना गटावर तीनच गोष्टी जातात.

पहिली, एक पानाची पीडीएफ. पान उभं करा. मुलं फोन उभा धरतात. आडव्या स्लाइडची अक्षरं त्यात मुंगीएवढी होतात. मोठी अक्षरं, एका पानावर वीस-पंचवीस शब्द आणि एक आकृती. धड्याच्या दहा पानांचे फोटो पाठवू नका. पुस्तक मुलांकडे आहे, पान क्रमांक सांगा. पुस्तक भिजलं असेल किंवा वाहून गेलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ मोफत मिळते, तेवढा एकच धडा वेगळा करून त्या मुलाला पाठवा.

दुसरी, दोन मिनिटांच्या आत आवाजाचा निरोप. व्हिडिओपेक्षा तो कितीतरी हलका असतो, आणि आईला तो काम करता करता ऐकता येतो.

तिसरी, घरात करायची एक कृती. या तासासाठी: 'एक उभा पेला घ्या आणि एक परात. सपाट जागेवर ठेवा. पेल्यात एक वाटी पाणी ओता, पट्टीने उंची मोजा. मग तीच वाटी भरून परातीत ओता, उंची मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. पट्टी पाण्यात उभी धरून एक फोटो काढा.' घरात असलेलीच भांडी सांगा. बाजारातून काही आणावं लागलं तर कृती होत नाही, पावसात तर नाहीच.

गेल्या पावसाळ्यात या कृतीचा एक फोटो आला. पेल्यातली उंची बाकीच्यांपेक्षा अर्धा सेंटीमीटर कमी. मुलीने काळजीपूर्वक मोजलेलं होतं, पट्टी सरळ होती, अक्षरही नीट. फोटो मोठा करून बघितला तेव्हा दिसलं: प्लास्टिकच्या पट्टीचं शून्य अगदी टोकाला नव्हतं, टोकापासून थोडं आत होतं, आणि टोक पेल्याच्या तळाला टेकलेलं. म्हणजे तिची उंची दर वेळी तेवढ्याच फरकाने कमी येणार. दुसऱ्या दिवशी तास मी तिथूनच सुरू केला. नाव न घेता तो फोटो दाखवला आणि विचारलं, 'हा आकडा बाकीच्यांपेक्षा कमी का आला असेल?' तीस मुलांनी आपापल्या पट्ट्या उचलून बघितल्या. मोजमापातल्या चुकीवर मी वर्गात फळ्यापुढे बोलते तेव्हा इतक्या जणांची पट्टी हातात नसते.

तपासा: संच पाठवण्याआधी तो वर्गातल्या सगळ्यात साध्या स्मार्टफोनसारख्या फोनवर उघडून बघा. तुमच्या फोनवर चांगला दिसतो याला अर्थ नाही.

## टप्पा ५: तासाआधीची दहा मिनिटं

फोन पूर्ण चार्ज, पॉवर बँक जवळ, माइक असलेला साधा इयरफोन. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर फोनच्या माइकवर फक्त पाऊस ऐकू येतो. इयरफोनचा माइक तोंडाजवळ असतो, त्याने फरक पडतो. फॉर्मची लिंक स्वतः एकदा भरून बघा आणि ते चाचणीचं उत्तर पुसा.

लाइट गेली तर काय, हे मुलांना आधीच पाठ करून ठेवा: 'मॅडम दोन मिनिटं दिसल्या नाहीत तर मीट सोडा, सूचना गट उघडा, उरलेला तास तिथे.' हे एकदा ठरलेलं असलं की टॉवर बंद पडला तरी तास तुटत नाही.

सावधान: मीटची लिंक सूचना गटाबाहेर कुठेही टाकू नका, आणि अनोळखी नावाला आत घेऊ नका. आत येणाऱ्याने 'हजेरी क्रमांक आणि नाव' असंच लिहायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून.

## टप्पा ६: चाळीस मिनिटांचा तास

कॅमेरा सक्तीचा ठेवू नका. घरात पाणी शिरलेलं असतं, पाहुण्यांकडे एका खोलीत आठ जण असतात. मुलांना ते दाखवायचं नसतं. डेटाही वाचतो. मूल हजर आहे की नाही ते त्याच्या उत्तरावरून कळतं.

पहिली पाच मिनिटं: हजेरी म्हणजे कालच्या कृतीचे दोन आकडे. नावं पुकारत बसू नका. 'पेल्यात किती, परातीत किती, चॅटमध्ये लिहा.' ब गटातली मुलं तेच आकडे चर्चागटात लिहितात.

पाच ते दहा: आलेल्या आकड्यांतले दोन-तीन स्क्रीनवर आणा आणि फरक का पडला ते मुलांना विचारा.

दहा ते चौदा: पहिला प्रश्न. इथे एक नियम, जो माझ्या मते या सगळ्या लेखात सर्वांत उपयोगी आहे: लिहा, थांबा, मग एकदम पाठवा. मुलं वहीत सोडवतात, उत्तर चॅटमध्ये टाइप करून ठेवतात, पण पाठवत नाहीत. तुम्ही 'तीन, दोन, एक, पाठवा' म्हटल्यावर सगळ्यांची उत्तरं एकाच वेळी पडतात. नाहीतर पहिल्या मुलाचं उत्तर येतं आणि बाकीचे तेच उतरवतात. फोनवर सवय व्हायला दोन तास लागतात. कुणीतरी आधी पाठवणारच. रागावू नका, पुढच्या प्रश्नाला पुन्हा सांगा.

मुलं लिहीत असताना बोलू नका. हे शिक्षकांना सगळ्यात जड जातं. समोर चेहरे नसले की दहा सेकंदांची शांतता मिनिटासारखी वाटते आणि आपण प्रश्न पुन्हा वाचतो, सूचना देतो, शेवटी उत्तरच सांगून टाकतो. समोर घड्याळ ठेवा, पूर्ण तीन मिनिटं माइक बंद.

चौदा ते वीस: आता तुम्ही बोला, सहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आलेल्या चुकांवर बोला. 'काही जणांनी ४५ फूट उद्या सकाळी सहाला म्हटलंय. चाळीसपासून पंचेचाळीसपर्यंत किती फूट, आणि प्रत्येकाला किती तास?' वाक्य अर्धवट ठेवा, मुलांना पुरं करू द्या.

वीस ते तेवीस: दुसरा प्रश्न. फॉर्मवर मत. निकाल दाखवू नका, स्वतः बघा.

इथे निर्णय घ्यायचा असतो. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवलेल्या, आधी स्वतः उत्तर आणि मग आपसात चर्चा या पद्धतीत ढोबळ मोजमाप असं आहे: साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल तर मुलांना आपसात बोलू द्या. त्याहून कमी असेल तर चर्चेत सगळेच अंधारात राहतात, तेव्हा शिक्षकाने पुन्हा समजावावं. त्याहून जास्त असेल तर दोन वाक्यांत आटोपून पुढे जावं. फळ्यापुढे हा अंदाज चेहऱ्यांवरून बांधावा लागतो. फॉर्मवर तो आकड्यात समोर येतो. तंत्रज्ञानाचा मला खरा उपयोग वाटतो तो इथे.

तेवीस ते एकतीस: चर्चागट, पुढच्या टप्प्यात सांगते तसे.

एकतीस ते चौतीस: त्याच प्रश्नावर पुन्हा मत, नव्या फॉर्मवर. जुनाच फॉर्म वापरला तर आधीची आणि नंतरची उत्तरं मिसळतात. चर्चेनंतर मीटवर परत येता आलं नाही अशी मुलंही हे मत देऊ शकतात, म्हणून लिंक सूचना गटावरच टाका.

चौतीस ते अडतीस: उत्तर आणि कारण. पेला म्हणजे काठात असलेली नदी, परात म्हणजे शेतात पसरलेली. मग विचारा, 'तरीही सांगलीत पाणी लवकर का उतरत नाही?' सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. तिलाही पूर असेल तर पुढे जायची वाट दोघींना अपुरी पडते आणि पाणी मागे तुंबतं. हे मुलांकडून काढून घ्या. हरिपूरचा संगम पाहिलेलं एखादं मूल वर्गात असतंच, त्याला बोलू द्या.

शेवटची दोन मिनिटं: वहीत एक वाक्य. 'आज माझं कोणतं मत बदललं?' फोटो शिक्षकाला, वैयक्तिक.

तपासा: तुमचं सलग बोलणं कुठेही सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त झालं का? तास रेकॉर्ड न करता एखाद्या सहकाऱ्याला नुसतं घड्याळ लावून बसवा. पहिल्या वेळी आकडा ऐकून बहुतेकांना वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं.

## टप्पा ७: चर्चागट

चौघांचा गट, व्हॉट्सॲपवर फक्त आवाजाचा कॉल. मुलं मीट सोडतात, गटप्रमुख कॉल लावतो, सात मिनिटांनी परत येतात. गटप्रमुख अ गटातला असावा आणि दर आठवड्याला बदलावा. चौघांत किमान एक ब गटातलं मूल असू द्या. पालकांची तयारी असेल तर मुली-मुलांचे गट मिश्र ठेवा; नसेल तर आग्रह धरू नका, आधी विश्वास बसू द्या.

'चर्चा करा' एवढंच सांगितलं तर कॉलवर शांतता पसरते. काम नेमकं द्या: 'प्रत्येकाने आपलं उत्तर आणि एक कारण सांगायचं. मग ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याला पटवायचं. शेवटी एकाने तीस सेकंदांचा आवाजाचा निरोप गटात टाकायचा: आमचं उत्तर हे, कारण हे.' निरोप कोण टाकणार ते शिक्षकाने आधी ठरवावं, आणि ते नेहमी बोलणारं मूल नसावं.

सावधान: सगळ्या गटांत फेरी मारायचा प्रयत्न करू नका. एका तासात एकच गट नीट ऐका. बाकीचे निरोप रात्री ऐकता येतात.

## टप्पा ८: चित्रं हलवणारी साधनं कधी आणायची

विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (पडद्यावर स्वतः हलवून बघायचे प्रयोग) आणि गणिताला आकृत्या काढून हलवता येणारं जिओजेब्रा, दोन्ही मोफत. फेटची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतात. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपमध्ये उघडतो, तिथलं साहित्यही आधी उतरवून ठेवता येतं.

चूक ही होते की शिक्षक स्क्रीन शेअर करून सगळं स्वतः करून दाखवतात आणि मुलं बघतात. त्यापेक्षा विद्युत परिपथाचा तास असा घ्या: अर्धा जोडलेला परिपथ दाखवा, थांबा. 'ही तार इथे जोडली तर बल्ब लागेल का? वहीत हो किंवा नाही, आणि कारण.' उत्तरं एकदम येऊ द्या. मग एका मुलाला विचारा, 'पुढची तार कुठे लावू?' तो सांगेल तिथे लावा, चुकीचं असलं तरी. ब गटाला आधी जोडण्यापूर्वीचं चित्र पाठवा, आणि त्यांची उत्तरं आल्यावरच नंतरचं.

## टप्पा ९: क गटाचा तास

यांना 'नंतर वही उतरवून घे' सांगितलं की ती मुलं तुटतात. त्यांच्यासाठी हाच तास तीन तुकड्यांत होतो. संचाची छापील प्रत जवळ राहणाऱ्या वर्गमित्राबरोबर किंवा दूध संकलनाच्या गाडीबरोबर जाते, रस्ता चालू असेल तर. कृती ते घरी करतातच. पेला आणि परात प्रत्येक घरात असते. मग साध्या फोनवर चार-पाच मिनिटांचा कॉल: आकडे विचारा, दुसरा प्रश्न वाचून दाखवा, उत्तर आणि कारण ऐका, आणि दुसऱ्या एखाद्या गटाचं वेगळं कारण सांगून विचारा, 'तुला काय वाटतं?' दोन मुलांना एकाच कॉलवर जोडता आलं तर फारच छान, त्यांचीही चर्चा होते.

पाच-सहा मुलांचे कॉल म्हणजे अर्धा तास जातो. तो तुमच्या तासिकेचा भाग धरा आणि मुख्याध्यापकांना तसं सांगा.

## टप्पा १०: रात्रीची तपासणी

तीसेक फोटो येतात. प्रत्येकावर 'छान' आणि अंगठा टाकून उपयोग नाही. मी वाक्यं वाचून तीन ढीग करते: कल्पना बसली, अर्धी बसली, उलटी बसली. पहिल्या ढिगाला सामाईक निरोप. दुसऱ्याला एक पुढचा प्रश्न. तिसऱ्यातल्या प्रत्येकाला वैयक्तिक आवाजाचा निरोप, अर्ध्या मिनिटाचा, त्याच्या वहीतल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवून: 'तिसऱ्या ओळीत तू वेग आणि पातळी एकच धरलंस, पुन्हा बघ.' ज्यांचा फोटोच आला नाही त्यांची नावं फोनच्या वहीत. दोन दिवस सलग नाही आला तर पालकांना फोन, आणि पहिला प्रश्न अभ्यासाचा नको, घरचं सगळं ठीक आहे का तो.

सावधान: या उत्तरांना गुण देऊ नका. गुण दिले की मुलं बरोबर उत्तर मिळवायच्या मागे लागतात, आणि उलटी बसलेली कल्पना तुम्हाला कधीच दिसत नाही.

## टप्पा ११: शाळा उघडल्यावर पहिला तास

नवा धडा लगेच काढू नका. पेला, परात आणि दोन पट्ट्या वर्गात आणा. क गटातल्या मुलांना पुढे बोलवा, मोजमाप त्यांनी करायचं. बाकीच्यांनी आपल्या अंदाजाचा आकडा आधी वहीत लिहून ठेवायचा, मग मोजणारी मुलं मोजलेला आकडा मोठ्याने वाचतील. दोन पट्ट्यांपैकी एकीचं शून्य टोकाला असलेलं आणि एकीचं थोडं आत असलेलं बघून घ्या.